संगणकाची तपासणी संगणकाकडून : लाभ किती, जोखीम किती?



एरवी या सदरात आम्ही बेणे बदल, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्याची निगा असे विषय घेतो. या खेपेस विषय निराळा आहे. पण तुमच्या उसाच्या बिलाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून तो घेतला आहे.

गेल्या महिन्यात गटवार बैठका झाल्या. एका गावी बैठक संपता संपता एका वयस्कर सभासदांनी विचारले, "साहेब, कारखाना म्हणे संगणक तपासायला दुसरा संगणकच ठेवणार आहे. मग आमच्या वजनाला आन् बिलाला कोणी हात लावणार नाही, असं लिहून देता का?" प्रश्न रास्त होता. 'हो' म्हणून मोकळे होणे सोपे होते, पण ते खरे झाले नसते. 'नाही' म्हणावे, तर तपासणीच नको असा अर्थ निघाला असता. हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. मत देण्यापूर्वी सभासदांना दोन्ही बाजू ठाऊक असाव्यात, एवढ्यासाठीच हा लेख. आम्ही संगणकतज्ज्ञ नव्हे. परंतु कारखान्याच्या संगणकांत जी माहिती भरली जाते तिच्यातली बरीचशी शेतकी विभागाच्या हातून जाते. तेव्हा तिची राखण कशी होते हे समजून घेणे आम्हाला भागच पडले.

कारखाना संगणकावर किती अवलंबून आहे?

पूर्वी ऊस नोंदीचे रजिस्टर गट ऑफिसच्या कपाटात असे आणि कपाटाची किल्ली ॲग्री ओव्हरसियरच्या खिशात. आता लागणीची तारीख, जात, क्षेत्र, तोडणीचा क्रम, भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, सोसायटीची वसुली, तोडणी-वाहतुकीची कपात आणि शेवटी बँकेत जमा होणारी रक्कम, सारे संगणकातच घडते. मुख्य कचेरी, वजनकाटा, गट ऑफिसे, स्टोअर, पेट्रोल पंप मिळून आपल्याकडे सव्वाशेच्या आसपास संगणक आहेत. मिल, बॉयलर आणि सहवीजनिर्मितीचे नियंत्रण करणारी यंत्रणा निराळीच.

यांतला एखादा जरी बिघडला वा कोणी बिघडवला, तरी काय होईल ते पाहा. काटा बंद पडला तर केनयार्डात गाड्यांची रांग लागते, ऊस वाळतो, वजन घटते. बिलाचा संगणक बंद पडला तर ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ ने घालून दिलेली १४ दिवसांची मुदत पाळणे कठीण जाते. आणि कोणी गुपचूप आत शिरून खाते क्रमांक बदलले, तर पैसे तुमच्या उसाचे आणि खाते भलत्याचेच, असा प्रकार व्हायचा.

हे केवळ भीतीपोटी लिहीत नाही. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी जो हल्ला झाला त्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी आपली बनावट यंत्रणा बसवली. मग २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघत राहिले आणि मंजुरी मिळत राहिली. पुढे ३१ जुलै २०२४ रोजी, बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाल्यामुळे देशातल्या सहकारी व ग्रामीण मिळून सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार थांबवावे लागले. दुसऱ्या दिवशी ते सुरू झाले. पण एकाच्या घरची आग शेजारच्या तीनशे घरांना कशी लागते, ते यावरून दिसले.

स्वयंचलित तपासणी म्हणजे काय?

सहकारात ऑडिट शब्द नवा नाही. वार्षिक लेखापरीक्षण होते, ऑडिटर शेरे मारतो आणि मग आपण दोषदुरुस्ती अहवाल देतो. संगणकाच्या सुरक्षेचेही तसेच ऑडिट असते. तज्ज्ञ माणसे येतात, यंत्रणा पाहतात, कुठे कडी-कोयंडा ढिला आहे ते लिहून देतात. भारतात सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था २००४ पासून या क्षेत्रात काम करते आणि असे ऑडिट करणाऱ्या मान्यताप्राप्त कंपन्यांची यादीही तीच ठेवते.

स्वयंचलित तपासणीत हेच काम एक सॉफ्टवेअर करते. ते नेटवर्कवरच्या प्रत्येक संगणकाला प्रश्न विचारते : तुझ्यावर कोणते सॉफ्टवेअर आहे, कितवी आवृत्ती आहे, कोणते दरवाजे उघडे आहेत, पासवर्ड कारखान्यातून आला तसाच आहे की बदलला आहे? आलेली उत्तरे ते ज्ञात दोषांच्या यादीशी ताडून पाहते. प्रत्येक दोषाला ० ते १० असे गुण असतात. १० म्हणजे अत्यंत घातक. वर्षातून एकदाच्या ऑडिटपेक्षा हे समवर्ती लेखापरीक्षणाच्या जवळ जाते. रोज रात्री पाहणी, रोज सकाळी अहवाल.

लाभाची बाजू

पहिला लाभ आवाक्याचा. सव्वाशे संगणक एका माणसाने एकेक करून पाहायचे म्हटले तर महिना जाईल, आणि तोवर पहिले संगणक पुन्हा जुने झालेले असतील. ज्ञात दोषांची जी जागतिक यादी सीव्हीई नावाने १९९९ पासून चालते, तिच्यात २०२४ या एका वर्षात ४० हजारांहून अधिक नव्या दोषांची भर पडली. एवढे कोणाच्या डोक्यात राहणार?

दुसरा लाभ वेळेचा. मे २०१७ मधले वॉनाक्राय हे प्रकरण आठवावे. विंडोजमधल्या ज्या दोषातून ते पसरले, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिली होती. हल्ला झाला १२ मे रोजी. मध्ये जवळजवळ दोन महिने गेले. ज्यांनी दुरुस्ती बसवली ते वाचले. ज्यांच्या यंत्रणेत जुना संगणक कोपऱ्यात विसरला होता ते सापडले, आणि त्यांत इंग्लंडची सरकारी रुग्णालयेसुद्धा होती. विसरलेला संगणक दाखवून देणे हे यंत्राचे काम आहे आणि ते यंत्र चांगले करते.

तिसरा लाभ असा की, यंत्र कंटाळत नाही आणि भीडभाड धरत नाही. साहेबांच्या टेबलावरचा संगणक म्हणून ते सोडून देत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग अडचण कसली? घेऊन टाका! अडचण आहे, आणि ती एक नाही.

जोखमीची बाजू

१. चालत्या यंत्राला हात लावण्याची जोखीम. दोन हंगामांपूर्वी आपल्याच कारखान्यात घडले ते सांगतो. बाहेरच्या एका कंपनीने नमुन्यादाखल तपासणी करून देतो म्हणून सांगितले. आम्हीही हो म्हटले. जानेवारीचा महिना, गाळप ऐन भरात, आणि तपासणी लावली भर दुपारी. सॉफ्टवेअरने एकदम साऱ्या नेटवर्कवर प्रश्नांची सरबत्ती केली. काट्यावरचा जुना संगणक ती सोसू शकला नाही आणि गोठला. दीड तास काटा बंद. ट्रॅक्टर-ट्रॉल्या फाटकाबाहेर गेल्या, बैलगाडीवाले उन्हात उभे. ज्यांची वजने झाली होती त्यांच्या चिठ्ठ्या हातात होत्या, म्हणून नोंदीत फरक पडला नाही. चोर कोणी आला नव्हता. तपासणीनेच आपल्याला थांबवले होते. दोष त्या कंपनीइतकाच आमचा होता, कारण वेळ आम्हीच दिली होती.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, कारखान्यांतल्या नियंत्रण यंत्रणांच्या सुरक्षेविषयी जी मार्गदर्शिका काढली तिच्यात असेच दाखले दिले आहेत. एके ठिकाणी, नेटवर्कवर कोणकोण आहे हे पाहण्यासाठी नुसती हाक मारली, तर ९ फूट लांबीचा यांत्रिक हात अचानक जागा होऊन अर्धवर्तुळात फिरला. दुसऱ्या ठिकाणी अशाच हाकेने नियंत्रण यंत्रणा गोठली आणि ५० हजार डॉलरचा माल वाया गेला. एका गॅस कंपनीत तपासणीवाले कचेरीच्या नेटवर्कमधून चुकून नियंत्रणाच्या नेटवर्कमध्ये शिरले आणि चार तास वाहिनीतून गॅस सोडता आला नाही. कचेरीतला संगणक गोठला तर तो पुन्हा चालू करता येतो. बॉयलरपाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या बाबतीत असला प्रयोग करता येत नाही.

२. किल्ल्या देण्याची जोखीम. तपासणी दोन तऱ्हेने होते. एक बाहेरून, म्हणजे दार-खिडक्या ढकलून पाहणे. दुसरी आतून, म्हणजे यंत्राला पासवर्ड देऊन घरातली कपाटेही पाहू देणे. आतून केलेल्या तपासणीत कितीतरी अधिक दोष सापडतात. परंतु त्यासाठी साऱ्या घराच्या किल्ल्या एकाच जुडग्यात, एकाच यंत्राच्या हाती द्याव्या लागतात. ते यंत्रच उद्या चोराच्या हाती गेले तर?

ऊस उत्पादकांना हे लगेच उमगेल. खोडवा खुरटा ठेवणारा आरएसडी रोग बेणे तोडणाऱ्या कोयत्यावरून पसरतो. कोयता कामाचाच असतो, पण एका रोगट बेटातून निघालेला तोच कोयता साऱ्या प्लॉटमध्ये रोग नेतो. म्हणून आपण कोयता निर्जंतुक करा म्हणतो. कोयता फेकून द्या म्हणत नाही.

संगणकाच्या जगात याचा मोठा दाखला म्हणजे सोलरविंड्स. या अमेरिकन कंपनीचे ओरायन नावाचे सॉफ्टवेअर नेटवर्कवर देखरेख करी, आणि म्हणून त्याला सर्वत्र मुभा असे. २०२० साली चोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतच आपला चोरदरवाजा घातला. सुमारे १८ हजार ग्राहकांनी ती आवृत्ती विश्वासाने बसवून घेतली. त्यांतल्या निवडक ठिकाणी चोर प्रत्यक्ष आत शिरले, आणि अमेरिकेची सरकारी खातीही त्यांत होती. राखणदार म्हणून ठेवलेल्याच्या घोंगडीखालून चोर आत आला.

हे उघडकीस कसे आले तेही ध्यानी घेण्यासारखे आहे. फायरआय ही सुरक्षेचीच कंपनी. तिच्या एका कर्मचाऱ्याच्या नावावर दुसरा फोन नोंदवला गेल्याची सूचना यंत्राने दिली. तिथल्या माणसाने त्या कर्मचाऱ्याला विचारले, "हा फोन तुझाच का?" तो म्हणाला, "नाही." तिथून धागा लागला. सूचना यंत्राने दिली, पण विचारले माणसाने.

३. सूचनांचा महापूर. पहिल्याच तपासणीत शेकडो, कधी हजारो दोष निघतात. त्यांत खरे घातक थोडे, किरकोळ पुष्कळ, आणि काही तर दोषच नसलेले. रोज उठून लांडगा आला म्हटले की खऱ्या लांडग्याच्या दिवशी कोणी काठी घेऊन धावत नाही. टार्गेट या अमेरिकेतल्या दुकानांच्या साखळीत २०१३ च्या अखेरीस हेच झाले. वातानुकूलनाचे काम करणाऱ्या एका ठेकेदाराच्या पासवर्डने चोर आत आले. सुरक्षा यंत्रणेने इशारे दिले होते. त्यांवर वेळीच हालचाल झाली नाही, आणि सुमारे ४ कोटी गिऱ्हाइकांच्या कार्डांची माहिती गेली. अहवाल वाचणारा आणि दुरुस्ती करणारा माणूस नेमला नसेल, तर यंत्र घेऊन केवळ कागद वाढतात.

४. खोटा निर्धास्तपणा. आम्हाला सर्वांत जास्त भीती याची वाटते. माती परीक्षणाचे उदाहरण घ्या. नमुना बांधाजवळून किंवा खताच्या ढिगाजवळून घेतला तर प्रयोगशाळा कितीही चांगली असो, अहवाल फसवा येतो. इक्विफॅक्स ही कर्जदारांची पत तपासणारी अमेरिकन कंपनी. मार्च २०१७ मध्ये तिला एका घातक दोषाची सूचना मिळाली. ४८ तासांत दुरुस्ती करा असा आदेश निघाला. १५ मार्चला यंत्राने तपासणी केली आणि काहीच सापडले नाही, कारण दोष ज्या कप्प्यात होता तिथे यंत्राने पाहिलेच नाही. मे महिन्यात चोर त्याच दोषातून आत आले आणि जुलैअखेरपर्यंत आत राहिले. जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारे यंत्रही कंपनीकडे होते, पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपली होती आणि ते आंधळे होऊन बसले होते. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. सहकारातही आपण पाहतो, ऑडिट वर्ग 'अ' मिळाला म्हणजे संस्थेत काहीच चुकत नाही असे नसते.

शिवाय काही गोष्टी यंत्राच्या नजरेत बसतच नाहीत. मागच्या हंगामात एका गट ऑफिसात फोन आला. "मी अमुक सभासद बोलतोय, बँक बदलली आहे, नवा खाते नंबर लिहून घ्या." आमच्या क्लार्कने नंबर लिहून घेतला नाही. त्याला ठाऊक होते की ते सभासद आठवडाभर दवाखान्यात आहेत, आणि ते कधी स्वतः फोन करीत नाहीत. त्याने मुलाकडे चौकशी केली तेव्हा लबाडी कळली. त्याने ते खाते बदलले असते तरी यंत्राच्या अहवालात सारे हिरवेच दिसले असते, कारण संगणक ठीक, पासवर्ड ठीक, आणि क्लार्कला अधिकारही होता.

५. आपोआप दुरुस्तीची जोखीम. काही सॉफ्टवेअर दोष दाखवून थांबत नाहीत, तर दुरुस्तीही स्वतःच बसवतात. वॉनाक्रायची गोष्ट ऐकली की वाटते हेच बरे. पण १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष सुधारणेने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी बंद पडले. विमाने खोळंबली. आपल्या देशातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. यात चोर कोणी नव्हताच. चूक होती औषधाची, आणि एकाच वेळी सर्वांना दिलेल्या मात्रेची. नवी फवारणी आपण आधी दोन सरींवर करून पाहतो, ऊस करपला नाही तर मग साऱ्या प्लॉटवर करतो. त्यानंतर त्या कंपनीनेही सुधारणा टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत अवलंबली.

६. अहवाल स्वतःच धोका. घरातल्या कच्च्या भिंतींची यादी मालकाला उपयोगी, तशीच ती चोरालाही उपयोगी. तपासणीचा अहवाल कंपनीच्या दूरच्या संगणकावर राहणार असेल, तर तिथे तो कोण पाहतो, किती दिवस ठेवतात, करार संपल्यावर पुसतात की नाही, हे विचारलेच पाहिजे.

मग तपासणी घ्यावी की नाही?

आमच्या मते घ्यावी. न घेण्याने या जोखमी टळतात खऱ्या, पण विसरलेला संगणक कोपऱ्यात तसाच राहतो आणि तो आपल्याआधी चोराला सापडतो. मात्र घेताना पुढील पथ्ये पाळली जावीत, असे आम्ही लेखी सुचवले आहे.

(१) कचेरीचे नेटवर्क आणि मिल-बॉयलरचे नेटवर्क निराळे राहावे. मधली वाट बंद, किंवा निदान फाटक लावलेली असावी. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुधारणेतून निघाला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून थेट आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलपर्यंत पोचला. मर्स्कला ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. साऱ्या खोल्यांना एकच दार असले की असे होते.

(२) मिल, बॉयलर, सहवीजनिर्मिती यांची प्रश्न विचारणारी तपासणी फक्त ऑफ सीझनमध्ये, देखभालीच्या काळात आणि इंजिनिअर समोर असताना व्हावी. हंगामात तिथे फक्त जाणारी-येणारी माहिती दुरून न्याहाळावी. काटा व बिलाचे संगणक रात्री, गाड्यांची आवक कमी असताना, एकेक करून तपासावेत.

(३) यंत्राला दिलेला पासवर्ड फक्त पाहण्यापुरता असावा, बदल करण्याचा नसावा. शक्य तिथे प्रत्येक विभागाची किल्ली वेगळी द्यावी, आणि काम संपले की ती रद्द करावी.

(४) दुरुस्ती आपोआप बसू नये. आधी दोन-चार कमी महत्त्वाच्या संगणकांवर बसवून पाहावी आणि मग सर्वत्र. मात्र 'पाहू नंतर' असेही होऊ नये. ज्या दोषांचा चोरांनी प्रत्यक्ष वापर केला आहे, त्यांची वेगळी यादी अमेरिकेची सिसा ही सरकारी संस्था नोव्हेंबर २०२१ पासून प्रसिद्ध करते. त्या यादीतला दोष आपल्याकडे निघाला तर तो आधी हातात घ्यावा, बाकीचे क्रमाने.

(५) रोजचा अहवाल वाचण्यासाठी एक जबाबदार माणूस आणि त्याच्या रजेच्या काळासाठी दुसरा, अशी नावे ठरवून द्यावीत. संचालक मंडळाच्या मासिक सभेपुढे दोषदुरुस्तीचा तक्ता यावा : निघाले किती, मिटले किती, राहिले किती आणि का राहिले.

(६) वर्षातून एकदा मान्यताप्राप्त तज्ज्ञ माणसांकडून ऑडिट व्हावे, आणि ते सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीकडून नसावे. त्यांनी खाते बदलण्याची पद्धत, काट्याची नोंद, बिलाची मंजुरी हेही पाहावे.

(७) ऊस नोंद, वजन आणि बिल यांची एक प्रत रोज नेटवर्कपासून तोडलेल्या जागी ठेवावी, आणि ती खरोखर उघडते की नाही हे महिन्यातून एकदा पाहावे. सारे फसले तरी ही प्रत तारून नेते.

(८) काही घडलेच तर लपवू नये. २८ एप्रिल २०२२ रोजीच्या निर्देशांप्रमाणे, ठरवून दिलेल्या सायबर घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळवाव्या लागतात, आणि संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. मध्यरात्री घटना घडली तर कोणी कोणाला उठवायचे, हे आजच कागदावर हवे.

हे सारे केले तर खर्च थोडा वाढेल आणि कामही थोडे सावकाश होईल. पण केवळ स्वस्त आणि झटपट तपासणी घेतली, तर गेल्या वेळच्या दीड तासासारखे काही पुन्हा घडू शकते.

सभासदांचा वाटा

तपासणीतले एक काम असे आहे की ते कोणत्याही यंत्राला जमणार नाही. ते तुमचे आहे. गाडी खाली झाली की काट्याची चिठ्ठी आणि मोबाईलवर आलेला संदेश ताडून पाहावा. फरक वाटला तर त्याच दिवशी गट ऑफिसला सांगावे. पंधरवडा बिल आले की टनेज आणि कपाती डोळ्यांखालून घालाव्यात. बँक खाते बदलायचे असेल तर पासबुक घेऊन स्वतः यावे, फोनवरून बदल करू नये आणि आम्हीही करणार नाही. आम्ही तुम्हाला कधीही ओटीपी विचारणार नाही. कोणी कारखान्याच्या नावाने विचारला तर समजावे की तो कारखान्याचा माणूस नव्हे.

आपले हजारो सभासद आहेत. प्रत्येकाने स्वतःची चिठ्ठी पाहिली, तर रोज हजारो ठिकाणी तपासणी होईल. तीही फुकट, आणि काटा न थांबवता!

त्या वयस्कर सभासदांना बैठकीत आम्ही जे उत्तर दिले तेच इथे लिहितो. कोणी हात लावणार नाही असे लिहून देता येत नाही. पण हात लागला तर लवकर कळेल, फार दूर जाणार नाही, आणि तुमचे खरे वजन दुसऱ्या जागी लिहिलेले सापडेल, एवढी व्यवस्था करता येते. ते ऐकून ते म्हणाले, "मग एवढंच लिहून द्या." वरच्या आठ मुद्द्यांचा तोच अर्थ आहे.

या विषयावर सभासदांच्या काही सूचना असतील तर त्या वार्षिक सभेपूर्वी आपापल्या गट ऑफिसात लेखी द्याव्यात. पुढील अंकात पुन्हा उसाकडे वळू. पाचट कुट्टी आणि खोडव्यातले पाणी नियोजन हा विषय घेण्याचा विचार आहे.